पाच वर्गण्या आणि एक वही

तुमच्या फोनवर बातम्यांची किती ॲप आहेत? फोन न उघडता, आठवून सांगा. आणि त्यांपैकी कितींना तुम्ही पैसे देता?

२०२१ च्या जुलैआधी मला कुणी हा प्रश्न विचारला असता, तर मी अगदी ठामपणे 'दोन' असं उत्तर दिलं असतं. खरं उत्तर पाच होतं. आणि त्या पाचांपैकी एकानेही मला हवी असलेली एक बातमी, हवी त्या रात्री दिली नाही. दोष त्यांचा नव्हता. मी पैसे भलतीकडेच देत होते.

आम्ही वडोदऱ्याला राहतो. माझं माहेर सांगलीचं. आई अजून तिथेच, गावभागातल्या जुन्या घरात पहिल्या मजल्यावर एकटी राहते. सांगलीकरांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. पावसाळ्यात आमच्या गावात एकमेकांना 'कसे आहात' असं विचारत नाहीत, 'किती फूट झालं' असं विचारतात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी मोजतात. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. कोणत्या गल्लीत किती फुटांना पाणी शिरतं, हे जुन्या माणसांना तोंडपाठ असतं. २०१९ च्या महापुराने तर ते सगळे हिशेबही मोडले होते.

२०२१ च्या जुलैत पुन्हा तसाच पाऊस लागला. रात्री साडेदहाच्या सुमारास माझ्या शाळेतल्या मैत्रिणींच्या गटावर एक मजकूर आला. 'कोयना धरणाला तडा गेला आहे. दोन तासांत सांगली पाण्याखाली. ताबडतोब बाहेर पडा.' खाली सात-आठ हात जोडलेली चिन्हं आणि एक धूसर फोटो.

मी काय केलं? आधी खात्री करायचा प्रयत्न केला, एवढं तरी माझ्या बाजूने लिहून ठेवते. पैसे देऊन घेतलेलं इंग्रजी दैनिक उघडलं. त्यात महाराष्ट्रातल्या पावसाची एक मोठी बातमी होती, पण गावभागाचं नावही नव्हतं. मग सासऱ्यांसाठी घेतलेलं मराठी ई-पेपर उघडलं. ती मुंबई आवृत्ती होती, शिवाय सकाळी छापलेली. शोधता शोधता सांगलीकडच्या एका वृत्तपत्राची बातमी सापडली. 'कोयना धरण सुरक्षित, अफवांवर...' एवढंच दिसलं. पुढचं वाचायला वर्गणीदार व्हा, अशी सूचना आली. महिन्याचे पैसे एका वडापावच्या आसपास होते. मी वैतागून ते पान बंद केलं.

आणि तो मजकूर आईला पाठवून दिला. वर लिहिलं, 'आई, लगेच शेजाऱ्यांकडे जा.'

आईने तो वाचला. मला फोन लावला, पण लागला नाही. वीज गेलेली. कागदपत्रांची पिशवी खांद्याला अडकवून ती अंधारात जिना उतरायला लागली आणि शेवटून चौथ्या पायरीवर घसरली. उजवं मनगट मोडलं. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी.

धरणाला काही झालं नव्हतं. कोयनेतून सोडलेलं पाणी तासाभरात सांगलीत येतही नाही, त्याला बराच वेळ लागतो. हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण भीतीपुढे माहिती टिकली नाही. गल्लीत पाणी आलंच, पण दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर सगळे जण दिवसाउजेडी, एकमेकांना सांगून-सवरून हलले होते. आईसुद्धा त्यांच्यासोबत आरामात गेली असती. ती गेली ती हात गळ्यात बांधून.

पूर ओसरल्यावर माझा भाऊ तिला वडोदऱ्याला घेऊन आला. ती मला एका शब्दाने बोलली नाही. प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून एवढंच म्हणाली, "अगं, तू एवढे पेपर घेतेस, मग तुला खरं-खोटं कसं कळलं नाही?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून मी बँकेचं स्टेटमेंट काढलं.

पैसे कुठे जातात ते आधी बघा

मी शाळेच्या ऑफिसात हिशेब बघते. दुसऱ्यांच्या पावत्या तपासताना माझी नजर सुटत नाही. घरच्या मात्र वर्षभर सुटल्या होत्या.

यादी अशी निघाली. एक इंग्रजी राष्ट्रीय दैनिक. पहिल्या वर्षी सवलतीत घेतलेलं, दुसऱ्या वर्षी पूर्ण किमतीला आपोआप पुढे चालू झालेलं. दुसरं नवऱ्याचं अर्थविषयक दैनिक. तिसरं एक परदेशी वृत्तपत्र. लॉकडाऊनमध्ये अगदी नाममात्र किमतीत मिळालं म्हणून घेतलं होतं, आता दर महिन्याला खरी किंमत कापली जात होती. चौथं मासिकं आणि वृत्तपत्रं एकत्र देणारं एक ॲप. ते मी केव्हाच फोनवरून काढून टाकलं होतं आणि मला वाटत होतं की विषय संपला. पाचवं सासऱ्यांचं मराठी ई-पेपर.

वर्षाचे साडेसहा हजारांहून जास्त.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, माझ्यासारखं फसू नका. ॲप फोनवरून काढलं म्हणून वर्गणी थांबत नाही. ती जिथून सुरू केली तिथेच जाऊन बंद करावी लागते. प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरमधून घेतली असेल तर तिथल्या वर्गण्यांच्या यादीत, यूपीआयने दिली असेल तर पैसे पाठवायच्या ॲपमधल्या ऑटोपेच्या यादीत, कार्डाने दिली असेल तर त्या वृत्तपत्राच्या खात्यात किंवा बँकेकडे.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना किमान २४ तास आधी यावी लागते. ऑक्टोबर २०२१ पासून हे नियम नीट अमलात आले. एकदा मंजुरी दिली की १५ हजार रुपयांपर्यंतच्या वर्गणीला दर वेळी ओटीपी मागत नाहीत. म्हणजे तो २४ तास आधीचा मेसेज हीच आपली संधी. आपण काय करतो? बँकेचा मेसेज म्हणून न वाचताच सरकवतो.

आणि वर्गणी घेताना एक बटण, बंद करताना मात्र दहा पानं फिरवणारे असतील, तर गप्प बसू नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. त्यांत १३ प्रकार दिले आहेत आणि वर्गणीचा सापळा हा त्यातलाच एक आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

महिनाभराची वही

नवरा म्हणाला, "सगळंच बंद करून टाक. बातम्या फुकट मिळतातच की."

सासरे, म्हणजे आमचे अण्णा, पेपरवरून डोळे न काढता म्हणाले, "तुला फुकट मिळते. पण ती आणायला जो पावसात उभा असतो, त्याला पगार कोण देतो?"

अण्णांचं बरोबर होतं. पण नवऱ्याचंही पूर्ण चूक नव्हतं. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली 'दर्पण' काढलं, ते १८४० मध्ये बंद पडलं. चांगलं आहे एवढ्यावर वृत्तपत्र चालत नाही, त्याला वर्गणीदार लागतात. पण घरातल्या पैशांनाही मर्यादा आहे. सगळ्यांना देता येत नाही, मग कुणाला द्यायचे?

ते ठरवायला आम्ही एक वही केली. शंभर पानी, दोरी बांधून फ्रीजला लटकवलेली. महिनाभर ज्याने पैशाचं वृत्तपत्र उघडलं, त्याने एक ओळ लिहायची. काय वाचलं, ही बातमी फुकट कुठे मिळाली असती का, आणि ती वाचून आपण काही वेगळं केलं का. आईचा उजवा हात अडकलेला, म्हणून ती सांगायची आणि माझी लेक लिहायची.

पहिल्या आठवड्यातच एक गंमत कळली. पाचांपैकी तीन ठिकाणी तीच बातमी, जवळजवळ त्याच वाक्यांत. लेकीने शेवटची ओळ दाखवली, 'पीटीआय'. म्हणजे एका वृत्तसंस्थेने ती बातमी सगळ्यांना दिलेली. मंत्रिमंडळाचा निर्णय झाला, तर पीआयबीच्या संकेतस्थळावर तो मराठीतही येतो. आकाशवाणीची मराठी बातमीपत्रं न्यूज ऑन एअर ॲपवर ऐकता येतात. बीबीसी मराठी २०१७ पासून आहे, तेही फुकट. देशात-जगात मोठं काय घडलं, एवढंच हवं असेल, तर खरंच पैसे देण्याची गरज नाही.

महिनाअखेरीस वही उघडून बसलो.

मासिकांचं ॲप कुणी एकदाही उघडलं नव्हतं. परदेशी वृत्तपत्र तीन वेळा उघडलं होतं. त्यातलं दोनदा मी, केकची कृती बघायला. ते घेतलं तेव्हा मला आपण फार मोठं काही वाचतोय असं वाटायचं. वहीत मात्र लपवायला जागा नव्हती.

अर्थविषयक दैनिकाबद्दल मी मनातून ते बंदच करायचं ठरवलं होतं. नवरा नुसते मथळे बघतो, हे मला माहीत होतं. पण वहीत त्याच्या अक्षरात एक ओळ होती. गृहकर्जावरचा लेख. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी बदलत्या व्याजदराची नवी गृहकर्जं रेपो दरासारख्या बाहेरच्या मापाशी जोडायची असा नियम आला. आमचं कर्ज त्याआधीचं, जुन्या पद्धतीचं. जुन्या कर्जदारांनाही अर्ज करून बदल करता येतो, हे त्याने त्या लेखात वाचलं आणि गुपचूप बँकेत जाऊन आला होता. हप्ता कमी झाला. किती, ते सांगत नाही, पण त्या दैनिकाची काही वर्षांची वर्गणी त्यातून वसूल झाली.

इंग्रजी दैनिक लेक रोज उघडत होती. बारावीचं वर्ष, शाळा फोनवर. एखादा विषय मुळापासून समजावून सांगणारी पानं वाचून ती टिपणं काढायची. फुकटच्या बातम्यांतून तिला 'काय झालं' ते कळत होतं, 'का झालं' ते इथे कळत होतं. ते राहिलं.

अण्णांचं शब्दकोडं

अडलं ते पाचव्यापाशी.

अण्णांचं ई-पेपर रोज उघडलं जात होतं, तीसपैकी तीस दिवस. संपादकीय, पत्रव्यवहार, निधनवार्ता आणि शब्दकोडं. फोनवरच्या तुकड्या-तुकड्यांच्या बातम्या त्यांना वाचवत नाहीत. पान पानासारखं दिसलं पाहिजे. आमच्या भागात छापील मराठी दैनिक शिळं होऊन यायचं, पुढे तेही यायचं थांबलं. तेव्हापासून टॅबवरचं ते ई-पेपर हाच त्यांचा सकाळचा चहा.

पण मला आता सांगलीचं वृत्तपत्र हवं होतं आणि ठरवलेल्या रकमेत चौथं बसत नव्हतं. शिवाय वहीत आईच्या सांगण्यावरून लेकीने लिहिलेल्या ओळी होत्या. भावाने महिनाभरासाठी ते सांगलीचं वृत्तपत्र तिच्या फोनवर घेऊन दिलं होतं. पंचनामे कोणत्या दिवशी कोणत्या भागात. सानुग्रह मदतीसाठी काय कागद लागतात. आमच्या गल्लीत पाण्याचा टँकर कधी. आईने वडोदऱ्यात बसून शेजाऱ्यांना फोन करून आमच्या घराचा पंचनामा वेळेवर करून घेतला होता. एवढ्या नोंदी, एवढी कामं पाचांपैकी कुणाच्याच नावावर नव्हती.

मी काही बोलले नाही. कसं बोलणार? ज्या माणसाने आयुष्यभर पेपरवाल्याचं बिल पहिल्या तारखेला चुकतं केलं, त्याला 'तुमचा पेपर बंद करते' कसं म्हणायचं?

दोन दिवसांनी अण्णांनीच वही मागवली. चष्मा लावून सगळी वाचली. मग आईला म्हणाले, "विहीणबाई, तुमच्या त्या पेपरात शब्दकोडं येतं का हो?"

आई म्हणाली, "येतं की. पण अण्णा, सोपं असतं."

"असू दे. डोळे दुखतात हल्ली."

त्यांचे डोळे अजिबात दुखत नव्हते, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

चौकशी केली तेव्हा कळलं, की त्या वृत्तपत्राच्या एकाच वर्गणीत सगळ्या आवृत्त्या उघडतात. अण्णांना मुंबईचं पान मिळालं, आईला सांगलीचं. हे तुम्हीही आधी विचारून घ्या. मराठी दैनिकांच्या जिल्ह्या-जिल्ह्यांच्या आवृत्त्या वेगळ्या असतात. काही ठिकाणी एका वर्गणीत सगळ्या मिळतात, काही ठिकाणी नाही. तसंच ई-पेपर वेगळं आणि संकेतस्थळावरचे खास लेख वेगळे, अशा दोन वर्गण्याही असतात. आपण एक घेतो आणि दुसरं उघडत नाही म्हणून चिडतो.

पाचाच्या तीन झाल्या. खर्च जवळजवळ निम्म्यावर आला.

पीडीएफचं काय?

आता तुमच्यातलं कुणीतरी म्हणेल, "ताई, आमच्या गटावर रोज पहाटे सगळ्या पेपरांच्या पीडीएफ येतात. पैसे कशाला द्यायचे?"

आमच्याही येत होत्या. लॉकडाऊनमध्ये छापील पेपर बंद झाले तेव्हा तर पूर आला होता त्यांचा. मीही वाचल्या आहेत, पुढे पाठवल्या आहेत. पण हे रीतसर नाही. २०२० मध्ये 'दैनिक जागरण'चं ई-पेपर टेलिग्रामवर असंच वाटलं जात होतं. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयाने ते चॅनल हटवायला सांगितले.

कायदा बाजूला ठेवला, तरी मला त्या वहीने एक गोष्ट शिकवली. मुंबई-दिल्लीच्या मोठ्या बातमीला शंभर जण असतात. आयर्विन पुलावर रात्री छत्री धरून फूट मोजणाऱ्याला जाऊन विचारणारा बातमीदार एखादाच असतो. त्याची बातमी सगळ्यांनी फुकट पाठवली, तर पुढच्या पुरात तो तिथे नसेल. मग आपल्या हातात उरेल तो हात जोडलेल्या चिन्हांचा मजकूर.

तुम्ही काय कराल?

तुमचं घर वेगळं, गरजा वेगळ्या. तुमच्या यादीत कदाचित शेतीमालाच्या भावांचं पान असेल, कदाचित मुलाच्या स्पर्धा परीक्षेसाठीचं दैनिक. म्हणून अमुक घ्या, तमुक सोडा, असं मी सांगणार नाही. आमच्या घरात जे उपयोगी पडलं तेवढं सांगते.

आधी एक महिन्याचीच वर्गणी घ्या. वर्षाची घ्यायचीच असेल तर सणासुदीच्या, पंधरा ऑगस्टच्या सवलती बघा, पण दुसऱ्या वर्षीची किंमत वाचूनच पैसे भरा. शक्य असेल तर घेतल्याबरोबर आपोआप नूतनीकरण बंद करून ठेवा. वर्षाअखेरीस खरंच हवं वाटलं, तर आपण होऊन घेऊच. कुटुंबासाठी एकत्र वर्गणी आहे का, ते विचारा. जवळच्या सार्वजनिक वाचनालयात छापील पेपर येत असतील, तर ते दैनिक घरी पुन्हा कशाला घ्यायचं?

आणि एक महिना वही ठेवा. शेवटी प्रत्येक नावापुढे एकच गोष्ट बघा. हे वाचून आपल्या घरात काही बदललं का? हप्ता कमी झाला, पंचनामा झाला, मुलीला एखादा धडा समजला, किंवा एखाद्या म्हाताऱ्या माणसाची सकाळ बरी गेली. ही सगळी उत्तरं मी 'हो' मध्ये धरते.

आम्ही दर ऑगस्टमध्ये नवी वही लावतो. गेल्या काही वर्षांत यादी बदलली आहे. लेक नोकरीला लागली, तिने स्वतःच्या पैशांनी वेगळं दैनिक घेतलं. सांगलीचं मात्र हललेलं नाही.

आईचं मनगट जुळलं, पण थंडीत दुखतं. ती परत गावभागातच राहते, ऐकत नाही. जुलै लागला की मी रोज सकाळी साडेसहाला ते पान उघडते आणि तिला फोन करते. "आई, आज बावीस फूट सहा इंच."

"मला माहितीये," ती म्हणते, "मी आत्ताच घाटावरून बघून आले."

तरी मी रोज सांगते. आणि ती रोज ऐकून घेते.